सोनगौरीचा हाकारा

१

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळपासून आभाळ निरभ्र, वारा पडलेला, ऊन कातडी सोलून काढणारं.

शेंदूरपाड्यात अशा उन्हाला कोणी नावं ठेवत नाही. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला वसलेला हा कोळीवाडा. ऊन कडक असलं की बोंबील लवकर सुकतात. नमिता बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची. हे काम करताना तिला डोळ्यांची गरज नसे.

पलीकडच्या वलांडीवरून शेजारच्या नेत्राने विचारलं, "काल रेडिओवर तुझ्यासोबत कोण बसला होता गं?"

"कोण बसणार? एकटीच असते मी."

"चल, उगाच! तो जबाब देणारा. तू सोनगौरीचं नाव घेतलंस, थांबलीस. तो बोलला, 'खांबाखाली'. मग तू बोललीस, 'ये घरा'. माझ्या सासूच्या हातातला कोयताच पडला. म्हणे, ही मस्करी बरी नव्हं."

नमिताच्या हातातली जोडी सुटली आणि वाळूत पडली.

"मी नाही कोणाला बसवलं," ती म्हणाली. "आणि सोनगौरीची मस्करी मी करीन?"

नेत्राने वाळूतली जोडी उचलून तिच्या हातात दिली.

२

सोनगौरी ही नमिताच्या नवऱ्याची, परेशची नाव. तिचा तांडेल, म्हणजे नाव हाकणारा, तोच; मे महिन्यात ती त्याच्यासकट आणि दोन खलाशांसकट बुडाली. सुशांत आणि प्रांजल, दोघेही पाड्यातलेच. खाडीच्या मुखाबाहेर नव्या पुलाचं काम चालू होतं. त्या पहाटे परेशचा आवाज वायरलेसवर आला, "बार्ज अंगावर येते, दिवे नाहीत तिला," आणि तुटला. पाच नावांच्या तांडेलांनी तो ऐकला. चौकशीत त्या पाचही जणांना विचारण्यात आलं, "ऐकलं म्हणता, पण पाहिलं का?"

पुलाच्या कंपनीने लिहून दिलं की त्या पहाटे त्यांच्या नारिंगी बार्जांपैकी एकही बाहेर नव्हती. सरकारी कागदावर आलं की वादळाचा इशारा असताना नौका समुद्रात गेली. त्या दिवशी इशारा नव्हता. पाड्यातल्या पोराटोरांना ते ठाऊक होतं. इशारा असता तर साठ नावा धक्क्याला बांधलेल्या दिसल्या असत्या.

पाड्याने सभा मागितली, परवानगी नाही. भोंगा मागितला, परवानगी नाही. फोनवरचा गट काढला, तर गट चालवणाऱ्याला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. एक चॅनेलवाली आली. तिने नमिताचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मावशी, एक कोळीगीत म्हणा ना, शेवट छान होईल." नमिताने तिला धक्क्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन दार इतक्या जोरात लावलं की कडी उखडली.

रेडिओची कल्पना धर्मा परबांची. धर्माकाका मूळ मालवणचे, आयुष्य विक्रोळीच्या कारखान्यात रेडिओ जोडण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर लेकीकडे, पाड्याच्या वेशीवरच्या इमारतीत राहायला आले. कारखान्याच्या संपात त्यांनी चाळीच्या माळ्यावर एक सेट जोडला होता आणि त्यावरून पुढाऱ्यांची भाषणं सोडली होती. त्यापायी नोकरी गेली. त्याचं त्यांना दुःख नव्हतं; दुःख होतं ते सेट पोलिसांनी जिन्यावरून खाली फेकला त्याचं.

"बेचाळीसच्या चळवळीत ह्याच मुंबईत चोरटा रेडिओ चालला, गो बाय," ते सांगत. "आज ह्या घरात, उद्या त्या घरात. तिकडे युरोपात लोकांनी जहाजावर सेट बसवले, हद्दीबाहेर नांगर टाकलो आणि बोलत रवले. कोणाचा तोंड दाबलाव, की तो हवेतून बोलता. आणि मासळी साफ करणाऱ्या बायकेच्या हातात फोन रवता? रवता तो खिळ्यार टांगलेलो रेडिओच."

असा 'खाडीचा आवाज' सुरू झाला. जागा, धक्क्यावरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची वरची खोली. भिंतींत बुचाचा जाड थर, दार बर्फखोलीचं, हातभर जाड. आतलं बाहेर जात नसे, बाहेरचं आत येत नसे. धर्माकाकांचा एकच दंडक होता. खोलीत रेडिओ चालू ठेवायचा नाही. ठेवला तर सेट आणि रेडिओ एकमेकांना धरून किंचाळतात. म्हणून पाड्यात सगळे नमिताला ऐकत, आणि नमिता तेवढी स्वतःला ऐकत नसे.

रोज दुपारी चारला ती बोले. भाव, भरती-ओहोटी, पुलाच्या कंपनीने काल कुठे भराव टाकला ते, चौकशीत कोण काय खोटं बोललं ते, नावानिशी. आणि शेवटी हाकारा.

हाकारा जुनाच. पूर्वी खडकावर उभं राहून घालत, आता वायरलेसवरून. परतीच्या वेळी किनाऱ्यावरून एकेका नावेचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, कुठे आहेस. नाव जबाब देते, ठिकाण सांगते. मग किनाऱ्याने म्हणायचं, "ये घरा." जबाब आला नाही तर पुन्हा पुन्हा हाक घालायची, पण 'ये घरा' म्हणायचं नाही. ठिकाण कळल्याशिवाय कोणाला घरी बोलवायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे. लहानपणी विचारलं तर पाठीत धपाटा मिळे.

रेडिओवर हाकारा घालायचा तो नुसता मानापुरता. तांडेल तो ऐकत आणि आपापल्या वायरलेसवर जबाब देत. पण सोमवारी नमिताला नोटीस आली. नौकेचे अवशेष न मिळाल्याने शुक्रवारच्या सुनावणीनंतर प्रकरण बंद करण्यात येईल. तीन माणसं, एक नाव, पाच साक्षीदार, आणि दोन ओळींत सगळं बंद. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दुपारी तिने सगळ्या नावांनंतर सोनगौरीला हाक घातली, जबाबाला लागतात तेवढे श्वास थांबली आणि ठणकावून म्हणाली, "ये घरा." ऐकू दे कंपनीला. ऐकू दे सगळ्यांना.

घरी सासूबाई, अंजनाबाई, उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"जबाब नाय, ठिकाण नाय, आन् 'ये घरा' बोललीस?"

"आई, लोकांना कळू दे की आपण त्याला विसरलो नाही."

"लोकांना कळंल गो," अंजनाबाई म्हणाल्या. "पण बोलावलंस कोणाला?"

३

नेत्राचं ऐकून नमिता थेट धर्माकाकांकडे गेली. भीती तिच्या मनाला शिवली नव्हती; होता तो संताप.

"कंपनीची माणसं आहेत, काका. रेडिओवरच्या आपल्याच जागेवर घुसून मेलेल्या माणसाची टिंगल करतायत. इतकी खालची पातळी!"

"खांबाखाली म्हणालो? खयच्या खांबाखाली?"

"खांब आणखी कुठे आहेत इथे?"

पुलाचा तिसरा खांब. परेशची हाक आली होती त्याच्या आसपास पावसाळ्याआधी घाईघाईने उभा केलेला. ते तिच्या आत्ता, बोलता बोलता लक्षात आलं.

धर्माकाका त्या दुपारी हातात रेडिओ घेऊन पाडाभर फिरले. दुसरा कोणी त्याच जागेवर बोलत असेल तर त्याच्या बाजूला सरकलं की त्याचा आवाज वाढणार, नमिताचा दबणार. हिशेब सोपा होता. नमिता खोलीत बसून बोलली. हाकारा घातला. सोनगौरीशी आली तेव्हा तिला वाटलं, आज थांबू नये. पण मग टिंगल करणारे जिंकले. ती थांबली. बुचाच्या भिंतींत आपलाच श्वास परत येतो तसा आला. टेबलावरचा पंखा मान फिरवत होता.

"ये घरा," ती म्हणाली.

धर्माकाका जिना चढून वर आले. दारात टेकून उभे राहिले.

"काय बोलला?" नमिताने विचारलं.

"तांबड्या बोयावर." त्यांनी रेडिओ टेबलावर ठेवला. "बाय, मी चारय बाजूंनी फिरलंय. आवाज आपल्याच एरियलच्या काठीवरून येता. दुसरो सेट नाय. आवाज आसा तो तुझ्याच माइकातून गेलो."

"माझ्या माइकसमोर मी होते."

"तांच तर मी म्हणतंय."

तांबडा बोया, पाण्यावर तरंगणारी ती खूण, तिसऱ्या खांबाच्या अलीकडे आहे. घराच्या बाजूला.

४

बुधवारी त्यांनी शक्कल केली. नमिताने सकाळीच सगळा कार्यक्रम धर्माकाकांच्या फोनमध्ये बोलून ठेवला, हाकाऱ्यासकट. सवयीने शेवटी 'ये घरा'ही आलं. दोघांनी तो दोनदा ऐकला. सोनगौरीच्या नावानंतर पंख्याची घरघर होती आणि दुसरं काही नव्हतं. चारला काका तो फोन माइकपुढे धरणार आणि नमिता घरी बसून ऐकणार. नुसता फोन माइकशी असताना कोणी बोललं, तर निदान तिच्या डोक्यात बिघाड नाही एवढं तरी कळेल.

घरात रेडिओ खिळ्याला टांगला होता. खाली अंजनाबाई पाय पसरून बसल्या होत्या, पुढ्यात सोलायची कोळंबी. बाहेर लख्ख ऊन, गल्लीत पोरांचा क्रिकेटचा दंगा. नमिताला आपलाच आवाज परक्या बाईसारखा ऐकू येत होता: भाव, भरती, भरावाचे ट्रक, कंपनीच्या वकिलाचं नाव. मग नावा. एकेक नाव गेली.

"सोनगौरी. सोनगौरी, कुठे आहेस?"

पंखा घरघरला. त्या घरघरीच्या खालून दुसरं काहीतरी आलं. लाकडावर पाणी आपटत होतं, चपाक, चपाक, भरती लागताना आपटतं तसं. मग कोणीतरी इंजिनाची दोरी ओढली. इंजिन धरलं नाही. पुन्हा ओढली. मग अगदी जवळून, तोंडात तंबाखू धरून वायरलेसवर बोलायची जी परेशची खोड होती त्याच भरल्या तोंडाने:

"सोनगौरी. मुखावर."

नमिता उठून रेडिओकडे धावली. "नको म्हणू!" ती ओरडली, खिळ्यावरच्या त्या दुसऱ्या बाईवर ओरडली. "म्हणू नकोस!"

"ये घरा," ती बाई ठणकावून म्हणाली.

कार्यक्रम संपला, खरखर उरली. गल्लीत कोणीतरी बाद झालं आणि पोरांनी गिल्ला केला. अंजनाबाईंच्या मांडीवर कोळंबी सांडली होती. त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि नमिताला तेच सहन होईना.

"परेश हाय," त्या म्हणाल्या. "आज मुखावर हाय. उद्या धक्क्यान येल."

"आई, पाच महिने झाले. पाण्यात होता तो."

"मग? माझा पोर नाय तो?"

५

गुरुवारी कार्यक्रम झाला नाही. पोलिसांची गाडी सकाळपासून मच्छीबाजाराशी उभी होती. नमिता धर्माकाकांना घेऊन चौकशीच्या कार्यालयात गेली. बोरिवलीच्या पूर्वेला, हायवेच्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर. समुद्राचा वासही तिथे पोहोचत नाही. लांब टेबल, वर संथ फिरणारा पंखा, आणि टेबलामागे अधिकारी. तो चहा बशीत ओतून पीत होता.

"उद्याची तारीख पुढे ढकला, साहेब," नमिता म्हणाली. "नाव तिसऱ्या खांबाखाली आहे. तिथे पाणबुडे उतरवा."

"कोणी पाहिलं?"

तिने धर्माकाकांकडे पाहिलं. काका आपल्या चपलांकडे पाहत होते.

"मला सांगितलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"तांडेलाने."

"जो बुडाला त्याने?" अधिकारी हसला, वाईट नाही, दमलेला हसला. "बाई, माझ्यापुढे कंपनीचा कागद आहे. बार्ज बाहेर नव्हती. तुमच्याकडे काय आहे? आवाज. वायरलेसवर आवाज ऐकला, आता हा आणखी आवाज. आवाजावर पंचनामा होतो का? आणि चोरट्या रेडिओची तक्रारही आहे बरं का, कोण बोलतं ते आम्हाला कळत नाही असं नाही. धडक झाली म्हणता ना? अवशेष आणा. इथे आणून ठेवा टेबलावर. मग बघू."

"आम्ही आणायचे?"

"मग कोण आणणार? मी?"

जिना उतरताना धर्माकाकांनी नमिताचा हात धरला. "बाय, शिवी दी. एक तरी दी. बरा वाटात."

तिने शिवी दिली नाही. रिक्षात ती एकदाच बोलली. "टेबलावर आणून ठेवा म्हणाला."

संध्याकाळच्या उन्हात ते धक्क्यावर उतरले. सोनगौरीची जागा मे महिन्यापासून रिकामी होती. तिथे दुसऱ्या कोणी नाव लावली नव्हती. तिची दोरी तेवढी लोखंडी खुंटीला बांधलेली होती, एक टोक पाण्यात सुटं, इतके दिवस लुळं पडलेलं.

आज दोरी ताठ होती.

खुंटीपासून पाण्यापर्यंत सरळ, तारेसारखी, मधूनमधून करकरत. ओहोटी लागलेली होती. पाणी बाहेर ओढत होतं आणि दोरी आत ओढत होती. दोरीच्या पलीकडच्या टोकाला पाणी होतं, नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात एका नावेएवढ्या जागेत लाट उठत नव्हती.

धर्माकाका म्हणाले, "आपण घराकडे जाव या." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. नमिताने पाहिलं. दोरीवरून पाण्याचे थेंब खुंटीकडे चढत होते.

६

शुक्रवारी सुनावणी दुपारी तीनला. नमिता सुनावणीला गेली नाही. अडीचलाच ती बर्फाच्या कारखान्याचा जिना चढली. अंजनाबाई मागून आल्या, गुडघे धरत, नवं लुगडं नेसून.

"आई, तुम्ही घरी थांबा."

"माझा पोर येते आन् मी घरान बसू?"

हातभर जाड दार नमिताने लावून घेतलं. सेट चालू केला. भाव सांगितले नाहीत, भरती सांगितली नाही, इतर नावा घेतल्या नाहीत. तिच्या मनाला अजून पटलेलं नव्हतं. उन्हाने दोरी आखडते; पाण्यात खाली काही अडकलं असेल; दुःखाने कानात आवाज येतात आणि एकीला आले की सगळ्यांना येतात. हे सगळं तिने स्वतःला नीट सांगितलं. मग माइक जवळ ओढला.

"सोनगौरी. कुठे आहेस?"

खोलीत रेडिओ नव्हता. बुचाच्या भिंतीतून बाहेरचं काही आत येत नसे. तरी जिन्यावरचा आवाज आला. ओलं लाकूड पायरीवर आपटलं, घासलं, वरच्या पायरीवर आपटलं. जड वस्तू तिघांनी उचलून आणावी, एकाने पुढे, दोघांनी मागे, तसा. पावलांचा आवाज मात्र ओल्या फडक्यासारखा होता. तो दाराशी येऊन थांबला. दाराच्या फटीतून पाणी आत आलं, काळसर, आणि बर्फाच्या त्या जुन्या खोलीत पहिल्यांदा खाडीच्या तळच्या चिखलाचा वास भरला.

"दारात," परेश म्हणाला. दाराच्या त्या बाजूने म्हणाला.

अंजनाबाईंनी नमिताचा दंड धरला. "बोल. बोल ना गो! ये घरा बोल. किती दमला असंल."

नमिताने तोंड उघडलं. दोन शब्द होते. पाच महिने ती रात्री उशीकडे तोंड करून तेच म्हणत होती. फटीतल्या पाण्यात तिच्या पावलांशी काहीतरी तरंगत आलं: परेशच्या गळ्यातल्या ताईताचा काळा दोरा. तिने स्वतः ओवलेला. तो पाहिला आणि तिच्या आतला संताप, जो रडण्याने विझला असता, तो विझला नाही.

"घरा नको," ती म्हणाली. माइकमध्ये म्हणाली, सबंध पाड्याला ऐकू जाईल असं. "परेश, ऐक. नाव घेऊन जा. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला, हायवे ओलांडून. मोठ्या पिंपळासमोरची इमारत. चौथा मजला, डाव्या हाताची तिसरी खोली. वर पंखा आहे, खाली लांब टेबल. साहेब तीनला बसतो. त्याने सांगितलंय, टेबलावर आणून ठेवा. तिथे ये."

"गो रांडे!" अंजनाबाई किंचाळल्या. "गो, तो माझा पोर, त्याला तू कचेरीन धाडतंस?"

दाराबाहेर काही हललं नाही. मग पाणी फटीतून मागे सरकू लागलं. नमिता गुडघ्यांवर बसली, गाल जमिनीला लावला आणि फटीतून पाहिलं. तिला तिघांच्या टाचा दिसल्या, पांढऱ्या, सुरकुतलेल्या. त्यांच्या मधून ओढत जाणारी फळी दिसली, सोनगौरीच्या नाळेची, पुढच्या टोकाची, आणि तिच्यावर नारिंगी रंगाचा जाड ओरखडा. टाचा जिना उतरत होत्या. एक जोडी मधल्या पायरीवर थांबली, वळणार असं वाटलं, आणि उतरली.

७

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चौकशी कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर पंचनामा झाला. लांब टेबलावर लाकडी नौकेच्या पुढच्या भागाचे अवशेष. नोंदणी क्रमांक वाचता येण्याजोगा. उजव्या अंगाला नारिंगी रंगाचा थर आणि सिमेंटचे डाग. टेबलाखाली खारं पाणी. जिना आणि लिफ्ट कोरडी.

त्याच संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यातला सेट जप्त झाला. नमिता आणि धर्मा परब यांच्यावर विनापरवाना प्रक्षेपणाचा गुन्हा दाखल झाला.

प्रकरण बंद झालं नाही. पुढची तारीख ११ नोव्हेंबर देण्यात आली. अवशेष कार्यालयात कोणाच्या परवानगीने व कोणत्या वाहनाने आणले याचा सात दिवसांत खुलासा करावा, अशी नोटीस नमिताला आली.

शनिवारी चारला धक्क्यावरून वायरलेसवर हाकारा झाला. ज्या नावांना हाक घातली त्या सगळ्यांनी जबाब दिला. अंजनाबाई नमिताशी बोलल्या नाहीत. सोनगौरीच्या खुंटीची दोरी सैल होती.